शिवणयंत्रावरचा वाघ

पौडच्या बाजारात, भर दुपारी, शिवणयंत्रावर वाघ बसला होता.

गुलशनबाई किंचाळल्या. वाघ त्यांच्याहून मोठ्यानं किंचाळला, आणि त्याच्या बोटात सुई घुसली.

"बाई, लई घाबरवलंत!" बोट झटकत वाघ म्हणाला.

"मी? मी घाबरवलं?"

मुखवट्याआड नसीर शिंपी होता. साल एकोणसाठ. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरांची सोंगं होती आणि ती ठरवायचं काम नव्या बाईंकडे आलं होतं. म्हणजे जुन्या सगळ्यांनी ते टाळलं होतं. गुलशनची नेमणूक हंगामी. तिला पालीची भीती वाटे, एसटीची वाटे, हेडमास्तर हैबतरावांची तर फारच वाटे. आणि या घडीला, दोन भोकांतून आपल्याकडे बघणाऱ्या डोळ्यांचीही... पण ती जरा निराळी.

"भोकं बारीक पडलीत," नसीर म्हणाला. "मला मशीन दिसंना, तर पोराला ओट्याची कड कशी दिसंल?"

"हलू नका, नसीरभाई. डोळे मिटा." तिनं कात्री घेतली.

"मिटले... बाई, नाक तेवढं सांभाळा माझं."

"मग बोलू नका ना!"

मुखवटा काढूनही कापता आला असता. ते तेव्हा सुचलं नाही, असं दोघंही पुढे सांगत.

भोकं मोठी झाली. डोळे आता जास्तच दिसू लागले. गुलशननं घाईनं सोंगांची यादी उघडली. "साधूला कापसाची दाढी नको. शेजारी गॅसबत्ती असते... काजळानं रंगवू. शेपटी आखूड करा, पायात येते. आणि—" ती थांबली. "लंगडा शिपाई. हेडमास्तरांचा पुतण्या होणार आहे."

फळीवर शाळेचा शिपाई कोंडाजी याची टोपी होती. मापाला म्हणून बिचारा स्वतःच ठेवून गेला होता.

"पोरं हसतील," नसीर म्हणाला. "कोंडाजीबाबा बी हसंल. घरी गेल्यावर न्हाई हसायचा."

"मला कळतं हो. पण हेडमास्तरांना नाही कोण म्हणणार? माझी नोकरी जाईल..."

"बाई," नसीर कुजबुजला, "हेडमास्तर हिकडंच येतायत."

त्यानं मुखवटा काढून फळीवर टाकला आणि, भीतीत बाईंच्याही पुढं जात, पडद्यामागं उडी मारली. मागं राहिली गुलशन आणि मुखवटा. तिनं तो चढवला.

"काय नसीर," हैबतराव दारातून गरजले, "पुतण्याचं सोंग झालं का?"

वाघ मशीनआड सरकला. "ते सोंग... होणार नाही. कोंडाजींचं लंगडणं हे सोंग नाही. त्यांचा पाय आहे तो."

हैबतराव वाकून बघू लागले. "आवाज बसलाय का रे तुझा? आणि हे लुगडं कधीपासनं नेसायला लागलास?"

पडद्यामागून हसू फुटलं. गुलशननं मुखवटा काढला. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मी बोलले, सर. मुखवटा काढूनही तेच सांगते."

हैबतरावांनी टोपीकडे बघितलं. मग ती उचलली, धूळ झटकली आणि कोंडाजीला परत द्यायला खिशात घातली.

"बाई, वर्गात असाच आवाज लावत चला. मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, अशी तक्रार आहे. आणि तो वाघ पुतण्याला द्या."

ते गेले. गुलशन मटकन स्टुलावर बसली. "नसीरभाई, पाणी..."

पाणी आलं. आणणाऱ्यानं तोंडावर वाघ चढवला होता.

"एक बोलायचं हाय," वाघ अडखळला. "मला... भाई म्हणत जाऊ नका."

पेल्यातलं पाणी हिंदकळलं. "आधी ते काढा. मला भीती वाटते."

त्यानं काढला. कान लालबुंद झाले होते. "आता?"

"आता जास्त वाटते..." ती म्हणाली, "नसीर."

पुढचं 'भाई' कुठं सांडलं, ते कुणी शोधलं नाही.