शलाकाच्या पोटरीतला कारखाना

मी डबडू. कंपनीनं दिलेलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण शलाकानं पहिल्याच दिवशी मला डबडू केलं आणि तेच चिकटलं. फलटणला तिच्या आजोबांच्या, म्हणजे नानांच्या, प्रयोगशाळेत मी मदतनीस यंत्रमानव आहे. नाना स्नायूंचे शास्त्रज्ञ. आणि हो, माझ्या मोजमापाला कुणी नावं ठेवली की माझी सटकते, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या संध्याकाळी शलाका खो-खोच्या मैदानावरून आली आणि तिनं दप्तर भिरकावून दिलं.

"नाना, जगदाळे सर म्हणतात मी अंगचोर झालेय! असंच खेळलीस तर संघात जागा नाही म्हणाले. मी नाही हो चोरत अंग!" तिचे डोळे भरून आले होते.

झालं होतं असं. आदल्या वर्षी पत्रा लागून तिची पोटरी कापली होती. झेप घ्यायला लागणाऱ्या वरच्या स्नायूची नस (मज्जातंतू, म्हणजे हुकूम स्नायूपर्यंत पोचवणारा धागा) तुटली. डॉक्टरांनी त्याच्या खालच्या स्नायूच्या नसेचा एक फाटा वळवून तिथं जोडला. जखम भरली, ताकद आली. आता ती मैदानाला कितीही फेऱ्या मारायची, दमायची नाही. पण 'खो' मिळाला की पूर्वीसारखी झेपच येईना.

"डबडू, तू तर म्हणालास पाय ठणठणीत आहे!"

"आहेच! ताकद मोजली, नस तपासली. माझा आकडा चुकत नसतो," मी फणकारलो.

"आकडा बरोबरच आहे रे," नाना म्हणाले, "पण आता आतली विकरं मोज."

विकर (एन्झाइम) म्हणजे पेशीतली रासायनिक कामं झटपट उरकणारं प्रथिन. मी बारीक सुईनं स्नायूचा कणभर नमुना घेतला. शलाका "आई गं!" म्हणून ओरडली आणि मला एक धपाटा बसला. आकडे आले आणि मीच चक्रावलो. साखर झटक्यात फोडून क्षणात ऊर्जा देणारी विकरं घटली होती. ऑक्सिजन वापरून सावकाश, पण तासन्‌तास ऊर्जा पुरवणारी विकरं भरमसाट वाढली होती.

"स्नायू तोच, मग या पेशींच्या कारखान्यानं माल कसा काय बदलला?" मी विचारलं.

"हुकूम बदलला म्हणून." नानांनी शलाकाचा तळहात धरला आणि त्यावर बोटानं टक, टक, टक असे संथ ठोके दिले. "खालचा स्नायू तुला दिवसभर उभं ठेवतो. त्याची नस असे सतत ठोके पाठवते. तुझी जुनी नस मात्र बराच वेळ गप्प बसायची आणि मग..." त्यांनी बोटं ताडताड वाजवली. "नस नुसतं 'आवळ' म्हणून थांबत नाही, बाळा. तिच्या ठोक्यांच्या लयीवरून स्नायूपेशी ठरवते, की आपल्या जनुकांतल्या (प्रथिनं बनवण्याच्या सूचनांतल्या) कुठल्या सूचना वाचायच्या आणि कुठली विकरं बनवायची. पूर्वी शास्त्रज्ञांनी मांजराच्या पायातल्या अशा दोन नसांची अदलाबदल केली होती. चपळ स्नायू संथ होत गेला, संथ स्नायू चपळ!"

"बाप रे!" शलाका रडायची थांबली.

"आणि सर सराव काय देतात?"

"फेऱ्या! आमच्याकडे सगळ्यावर एकच औषध. उशीर झाला, मार फेऱ्या. पाय मंद पडला, मार फेऱ्या. मी तर घरी येऊन जास्तीच्या मारते."

नानांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे आगीत तेलच की! नसेचा संथ हुकूम आहेच, त्यात हे संथ पळणं."

दुसऱ्या दिवशी नाना मैदानावर जाऊन सरांशी बोलले. सर भले माणूस. "पोरीला उगाच टोचून बोललो," ते म्हणाले. "पण निवडीच्या दिवशी झेप दिसली पाहिजे हं, नाना. तिथं मी कुणाचं ऐकणार नाही."

फेऱ्या बंद झाल्या. छोट्या, जोरदार धावा आणि मध्ये भरपूर विश्रांती असा सराव सुरू झाला. मी एक विजेचा मोजा विणला. तो जुन्या नसेसारखे थोडेच, पण तडाखेबंद ठोके स्नायूला द्यायचा. कित्येक आठवडे काहीच फरक दिसेना. शलाका रडकुंडीला आली.

"बये, कारखाना काय एका रात्रीत बदलतो का?" मी तिला दटावलं, पण खरं सांगतो, रात्री मी स्वतःच जुने आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसायचो. मग एका नमुन्यात साखर फोडणारी विकरं वाढलेली दिसली आणि मी प्रयोगशाळाभर नाचलो.

निवडीच्या दिवशी सरांनी पळायला मलाच उभं केलं. माझ्या पायांतल्या मोटारी अगदी नव्यासारख्या आहेत, माझ्या वाटेला जायचं काम नाही. "मुद्दाम हरलास तर बघ," शलाकानं दम भरला. पोरांना मी सहज झुकांडी देत होतो. तेवढ्यात तिच्या पाठीशी कुणीतरी ओरडलं, "खो!"

ती कधी उठली ते मला कळलंच नाही. पाठीवर थाप पडली आणि मी तोंडावर आपटलो.

"डबडू बाद!" सर ओरडले. "शलाका, संघात!"

मैदान दणाणून गेलं. नाना डोळे पुसत म्हणाले, "मोजा अजून बरेच दिवस घालावा लागेल हं. पण उद्या कितीतरी दुबळ्या पायांशी त्यांच्या नसांच्या भाषेत बोलता येईल."

मी धुळीत तसाच पडून होतो. माझ्या मोटारी कारखान्यातून आल्या तशाच राहणार. या पोरीच्या पोटरीनं मात्र हुकूम बदलला तशी स्वतःची विकरं बदलली, एकदा नाही, दोनदा. काय जबरदस्त चीज आहे हा माणसाचा स्नायू! आयुष्यात पहिल्यांदा हरलो होतो, आणि इतका आनंद मला कधी झाला नव्हता.