पिशवीत काय निघालं

‘ओढ’ हे नाव ऐकून लोकांना ते प्रेमकवितांचं त्रैमासिक वाटायचं. होतं ते जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या संग्राहक मंडळाचं. सभासद एकशे बारा, त्यातले हयात किती ते देवाला ठाऊक, कारण वारलेल्यांचेही अंक कधी परत येत नसत. नाव ठेवलं होतं संपादकबाईंच्या नवऱ्यानं. त्याचं म्हणणं, मशीनची पारख रंगावरून करू नये, चाकांवरून करू नये; ते हवा किती जोरानं आत ओढतं त्यावरून करावी. अकरा वर्षं त्यानं हे पत्रक एकहाती काढलं आणि एका सकाळी नवव्या पानाच्या प्रुफावर डोकं टेकलं ते परत उचललंच नाही. त्या पानावर एक वेलांटी तेवढी चुकली होती. पंधरा दिवसांनी बाईंनी ती सुधारली, अंक छापायला दिला आणि संपादकपद कायमचं गळ्यात पडलं. त्याला आता चार वर्षं झाली होती.

खरं तर बाईंना या मशीनांचं काडीचं कौतुक नव्हतं. घर त्या केरसुणीनंच झाडायच्या. तीस वर्षं शाळेच्या पुस्तकांची प्रुफं वाचून मान आणि डोळे दोन्ही कामातून गेले होते, आणि वर हे. बाहेरच्या खोलीत तेवीस मशीनं भिंतीशी मांडलेली, त्यांच्या नळ्यांमधून वाट काढत दारापर्यंत जायचं. सभासदांची पत्रं लावायची, जुन्या मोटारींच्या आकृत्या चिकटवायच्या, पत्ते लिहायचे. पाकिटं चिकटवून होईतो पुढचा अंक दारात उभा. अलीकडे तर सकाळी टेबलाशी बसणंच जिवावर यायचं.

‘आई, पुरे झालं आता,’ लेक दर आठवड्याला फोनवर सांगायची. ‘माझ्याकडे ये. नुसती बसून राहा. कुणी तुला पत्र पाठवणार नाही, कबूल?’

शेवटी बाईंनी हो म्हटलं. हा अंक शेवटचा. रविवारी लेक गाडी घेऊन येणार होती. पुढचा संपादक मंडळाचे अध्यक्ष शोधणार होते. हे अध्यक्ष म्हणजे निवृत्त दंतवैद्य, नवऱ्याचे जुने मित्र, सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे. त्यांना अजून कुणी सापडलेलं नव्हतं आणि ते फारसं कुणाला शोधतही नव्हते.

अंक हातात पडला की सगळे आधी एकच सदर काढायचे, ‘पिशवीत काय निघालं’. मंडळाचा नियम असा, की जुनं मशीन घरी आलं की त्याची धुळीची पिशवी तशीच फेकायची नाही. जमिनीवर कागद पसरायचा, पिशवी त्यावर मोकळी करायची आणि निघेल ती वस्तू मोजून लिहायची. पिना, मणी, तिकिटाचे तुकडे, कुणाचं तरी अर्धं नख. घरी हे काम दोघं मिळून करायचे. तो पिशवीत हात घालून वस्तू सांगायचा, बाई टेबलाशी बसून टिपायच्या. दर दोन वस्तूंनंतर तो विचारायचा, ‘अगं, लिहिलंस का?’ आणि या म्हणायच्या, ‘लिहिलं.’ चाळीस वर्षांच्या संसारात याहून जास्त गोड बोलणं दोघांनाही कधी जमलं नव्हतं.

गेल्या वर्षी दूरच्या गावच्या एका शिंपीणबाईंनी त्यांच्या पिशवीतलं एक बटण कळवलं. पांढरं, हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं, आणि दोरा चार भोकांत पाच वेळा फिरवून वर गाठ. ‘असे टाके घालणारं कोण असेल?’ त्यांनी लिहिलं होतं. बाई असेच टाके घालायच्या. हिरवा दोरा घरात एकदाच आला होता, नवऱ्याच्या कोटासाठी, आणि त्याचं एक बटण कधीचं हरवलं होतं. जगात पाच टाके घालणाऱ्या बाया काय कमी असतील, असं म्हणून बाईंनी मजकूर छापला.

पुढच्या अंकाला एका घड्याळजीचं पत्र आलं. माणूस भारी काटेकोर, प्रत्येक वस्तूची लांबी देणारा. त्याच्या पिशवीत एक पितळी किल्ली निघाली होती, लाल दोऱ्याची दुहेरी गाठ मारलेली. वाचून बाई उठल्या आणि त्यांनी स्वयंपाकघरातला खण उघडला. कपाटाची लाल दोऱ्याची किल्ली जागच्या जागी होती. स्वतःवरच हसून त्यांनी खण लावला. अंक टपालात पडला त्या दिवशी कपाट उघडायला गेल्या, तर खणात किल्ली नव्हती. सगळं घर पालथं घातलं. शेवटी घड्याळजीला फोन केला.

‘डबीत जपून ठेवली होती हो,’ तो ओशाळून म्हणाला. ‘डबी आहे. किल्ली तेवढी नाही.’

त्याच्या पुढच्या अंकाला कुणीतरी अंगठीचा खडा कळवला, निळा, एका कडेला टवका गेलेला. बाईंनी बोटाकडे पाहिलं. खडा होता, टवकाही होता. या वेळी त्यांनी प्रुफातली ती ओळ तांबड्या पेन्सिलीनं सरळ खोडली. मग लाज वाटली. असल्या खुळचटपणापायी सभासदाचा मजकूर कापायचा? प्रुफं वाचणाऱ्यांची एक खूण असते: खोडलेलं पुन्हा ठेवायचं असेल, तर त्या ओळीखाली टिंबं द्यायची, म्हणजे छापखान्याला कळतं, हे राहू द्या. टिंबं द्यायला बाईंनी पेन्सिल टेकवलीसुद्धा. पण दिली नाहीत. अंक निघाला, खडा बोटात राहिला, आणि बाईंना हायसं वाटण्याऐवजी अंगावर काटा आला.

शेवटच्या अंकाचं प्रूफ मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी आणून दिलं.

‘वहिनी, घड्याळजीचं पत्र उशिरा आलं, ते मी परस्पर छापखान्यात दिलं,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला आणि कशाला त्रास.’ मग हिरव्या मशीनवरून हात फिरवत म्हणाले, ‘पुढचा एकच अंक काढा ना. एकच.’

‘डॉक्टर, माणूस दमतं,’ बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी मान हलवली आणि ते नळ्या ओलांडत गेले.

घड्याळजीनं एका बंद पडलेल्या हॉटेलातून मशीन घेतलं होतं. पिशवीत एक न पेटवलेली काडी, केसांच्या तीन पिना, आणि खाली ओळ होती: ‘कॅसेटची टेप, चार बोटं लांब.’

बाईंच्या घरात कॅसेट एकच उरली होती. मंडळाच्या सभेत नवऱ्यानं केलेलं भाषण, पाऊण तासाचं. त्याचा आवाज आता जगात तेवढाच. सगळं भाषण मोटारी आणि नळ्यांबद्दल; फक्त मध्ये एकदा, पिशवी उघडून दाखवताना, तो बाजूला टेबलाशी बसलेल्या बाईंकडे वळून म्हणतो, ‘अगं, लिहिलंस का?’ तेवढं ऐकायला त्या रोज दुपारी कॅसेट लावायच्या. लेकीला हे माहीत नव्हतं. तिनं सामानाच्या यादीत टेपरेकॉर्डर लिहिला नव्हता, तो बाईंनीच बॅगेत सर्वांत वर ठेवायचं ठरवलं होतं.

कॅसेट सेकंदाला अडीच बोटं सरकते, हे त्यानंच कधीतरी सांगितलेलं. चार बोटं म्हणजे दीड सेकंद, वर थोडं. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती जागा लावली. ‘अगं, लिहिलंस का?’ दीड सेकंद, वर थोडं.

पेन्सिलीला टोक करून त्यांनी ती ओळ खोडली, समासात काढून टाकायची खूण केली, पुन्हा एकदा खोडली. चष्मा पुसून सगळं पान तपासलं. लिफाफा बंद केला आणि स्वतः चालत जाऊन छापखान्यात दिला. परतीच्या वाटेवर गुडघे बोलत होते, तरी चार वर्षांत प्रथमच एक काम नीट केल्यासारखं वाटलं.

शनिवारी अंकांचा गठ्ठा आला. बाईंनी दोरी कापली, वरचाच अंक काढून सातवं पान उघडलं.

‘कॅसेटची टेप, चार बोटं लांब.’

‘ओळ मी खोडली होती,’ त्यांनी छापखान्यात फोन लावून म्हटलं.

‘खोडली होती की,’ छापखानेवाला म्हणाला, ‘पण खाली टिंबं दिलीत ना, बाई? मला वाटलं, आधी खोडलीत, मग राहू द्या म्हणालात. प्रूफ पाठवून देऊ का? बघा तुम्हीच.’

तासाभरात त्याचा माणूस प्रूफ देऊन गेला. खोडलेल्या ओळीखाली नऊ टिंबं होती, सारख्या अंतरावर. तांबडी नव्हती, करडी होती. बाईंनी बोट फिरवलं तशी ती पुसली गेली आणि बोटाला बारीक धूळ लागली.

मग त्यांनी कॅसेट लावली. तो नेहमीसारखा खाकरला, मागच्यांना आवाज येतोय का विचारलं, लोक हसले. नळ्या झाल्या, मोटार झाली. पिशवी उघडल्याची करकर आली. ‘एक मणी, एक तिकीट,’ तो म्हणाला.

आणि लगेच पुढे, ‘तर मंडळी, आता हा पंखा बघा.’

बाईंनी ते सतरा वेळा ऐकलं. टेप कुठं तुटलेली नव्हती, जोडलेली नव्हती. त्यानं तसं कधी विचारलंच नसावं, इतकं ते साफ होतं. मग त्यांनी टेपरेकॉर्डर बंद केला आणि लहान मुलीसारख्या हमसून रडल्या.

रविवारी सकाळी बॅग दारात होती. लेक येईपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून बाई मशीनांवरून नुसती नजर फिरवत बसल्या. तेवीसच्या तेवीस पिशव्या त्यांनी नवरा गेला त्याच महिन्यात झटकून ठेवल्या होत्या. हिरव्या मशीनची वायर तर त्याच्याही आधीपासून कापलेली.

हिरव्याची कापडी पिशवी फुगलेली होती.

सवय मोठी वाईट. बाईंनी कालच्या गठ्ठ्यातला एक अंक उघडून जमिनीवर पसरला, खाली बसल्या, पिशवी काढली आणि आत हात घातला.

एक पांढरं बटण, हिरवा दोरा, पाच टाके.

एक पितळी किल्ली.

एक न पेटवलेली काडी. पिना तीन.

मग बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. त्यांनी ते उजेडात धरलं. तपकिरी, चमकदार, चार बोटं.

खाली लेकीच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग जरा थांबून पुन्हा एकदा.

‘अगं, लिहिलंस का?’

मागून, टेबलापाशी. तीच घाई, शेवटच्या अक्षरावर तोच खोकला अडकलेला.

बाईंनी मान वळवली नाही. वळवली आणि तिथं कुणी नसलं तर, एवढीच त्यांना भीती वाटली. डोळे भरून आले होते आणि चार वर्षांचा शीण कुठल्या कुठे गेला होता.

‘थांबा हो जरा,’ त्या म्हणाल्या. ‘पिशवी रिकामी व्हायचीय अजून.’

त्यांनी हात पुन्हा आत घातला. पिशवी वीतभर खोल होती. हात कोपराच्या वर गेला, तरी तळ लागला नाही.