सिंगापूरची मुलाखत

"किल्ल्या हातात घेऊन बसून काय राहिलात? उघडा ना," मी म्हणाले.

सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर रंगनाथ सरांचा क्लास होता. दाराला कुलूप होतं आणि सगळ्यात वरच्या पायरीवर एक मुलगा हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन निवांत बसला होता. धायरीहून दोन बस बदलून आले होते मी. उशीर झाला म्हणून धापा टाकत जिना चढले, तर हा असा.

त्याने एकदा किल्ल्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"या माझ्या खोलीच्या आहेत," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणत असाल तर… लावून बघतो."

आणि खरंच उठून त्याने एक किल्ली कुलपाला लावून पाहिली. मग दुसरी. मला हसावं की ओशाळावं, कळेना. म्हणून मी दोन्ही केलं.

त्याचं नाव सुदर्शन. वाशीमचा, पण नोकरीसाठी पुण्यात खोली घेऊन राहणारा. त्याचा रूममेट शंभू या क्लासला येत असे आणि त्याला किल्ली द्यायला हा आला होता. ते त्याने मला सांगितलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण त्याने सांगण्याआधी मीच विचारलं, "तुमचीपण फोनवर मुलाखत आहे का? परदेशातली?"

तो थांबला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि तो म्हणाला, "हो."

"कुठल्या देशातली?"

त्याने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर काहीच नव्हतं.

"सिंगापूर," तो म्हणाला.

ते दोन हजार साल होतं. एक जानेवारीला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी वर्षभर हवा होती. एक जानेवारी आली आणि गेली, काहीही बंद पडलं नाही. उलट परदेशातल्या कंपन्यांनी आपल्याकडच्या मुलांना फोन करून नोकऱ्या द्यायला सुरुवात केली. मी कर्वे रोडवरच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरातल्या एका विमा कंपनीने माझा अर्ज निवडला होता, आणि दोन आठवड्यांनी त्यांचा फोन येणार होता. फोनवरच्या मुलाखतीत पास झाले, तर दोन वर्षं तिकडे.

आमच्या घरात परदेशी सोडा, मुंबईलाही कुणी नोकरीला गेलं नव्हतं. आजूबाजूची शेतं बिल्डरांना गेली, बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मधोमध आमचं बैठं घर राहिलं. अण्णा म्हणाले होते, "जमीन गेली. आता पोरीनं तरी कायतरी नवं करावं." आई काही म्हणाली नव्हती. तिच्याकडे माझ्यासाठी आलेली दोन स्थळं होती, ती तिने तूर्त थांबवली होती.

रंगनाथ सरांची पद्धत वेगळी होती. "समोरासमोर बसून फोनची तयारी होत नाही," ते म्हणाले. "फोनवर चेहरा दिसत नाही. त्यामुळे गोड हसून वेळ मारून नेणाऱ्यांचे फार हाल होतात. जोड्या लावा आणि एकमेकांना फोन करा." त्यांनी जोड्या लावल्या. सुदर्शनही आमच्यामागून वर्गात येऊन बसला होता, माझ्या वाट्याला तोच आला. शंभू सरांना काहीतरी सांगायला गेला, तेव्हा सुदर्शनने त्याचा पाय दाबल्याचं मी पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

आमच्या घरी फोन मधल्या खोलीत, शोकेसवर, विणलेल्या रुमालाखाली. तो संध्याकाळी वाजायचा. सुदर्शन स्वारगेटच्या एका बूथवरून बोलायचा.

"गुड ईव्हनिंग, मिस वैष्णवी. आय ॲम कॉलिंग फ्रॉम एडिंबरो."

"एडिंबरोत पीएमटीच्या बस असतात का?" मी विचारायची. मागे हॉर्न वाजत असायचे.

"इंग्रजीत बोला. मार्क जातील."

मग तो प्रश्न विचारायचा. आताची नोकरी का सोडताय? तुमच्यात कमी काय आहे? राग आला की काय करता? मी उत्तरं द्यायची. मग पाळी उलटायची आणि मी त्याची मुलाखत घ्यायची, सिंगापूरची. व्हाय सिंगापूर, असं मी विचारलं की पलीकडे नुसते हॉर्न ऐकू यायचे. मग तो म्हणायचा, "द सिटी इज… व्हेरी क्लीन." रोज हेच उत्तर. मला त्याची काळजी वाटायची. हा मुलगा नापास होणार, असं वाटायचं.

आई भाकरी थापता थापता ऐकत असायची. इंग्रजीतलं अक्षर तिला कळत नव्हतं.

"रोज काय इचारतोय गं त्यो?"

"मुलाखत हाय, आई. त्याची तयारी."

"मुलाखत हाय तर तू हसतीस कशापायी?"

ते मलाही माहीत नव्हतं. फोनमध्ये हसण्यासारखं काही नसायचंच. त्याच्या बोलण्यात एक क्षणभर थांबण्याची सवय होती. प्रश्नाआधी एक श्वास… आणि त्या श्वासात मी रिसीव्हर कानाला घट्ट धरायची. मग आई कणगीआडून बघायची, आणि मी उगाच वायर बोटाला गुंडाळायची.

क्लासला भेटलो की मात्र आमचं काही जमायचं नाही. फोनवर एवढं बोलणारा माणूस समोर आला की बुटांकडे बघायचा. जिन्यात एकदा माझी ओढणी कठड्याला अडकली. त्याने ती सोडवली, हातात धरली, आणि द्यायचं विसरला. "ओढणी," मी म्हणाले. "हो, चांगली आहे," तो म्हणाला.

एक दिवस फोनवर त्याने विचारलं, "आर यू विलिंग टु लिव्ह अवे फ्रॉम होम?" नेहमीचाच प्रश्न. उत्तरही पाठ होतं. मी तोंड उघडलं, आणि उत्तर आलंच नाही. मला एडिंबरोला जायचं होतं. लहानपणापासून कुठेतरी लांब जायचं होतं. मग हा प्रश्न यानेच का विचारावा, असं वाटून मला एकदम रडू आलं.

"हॅलो? लाइन गेली का?" तो म्हणाला.

"हो. गेली," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मुलाखतीच्या दिवशी लाइन खरोखरच गेली. शेजारी पाया खणणाऱ्या मशीनने फोनची केबल उचकटून काढली. मी हाताशी आलेली पर्स घेऊन बूथ गाठला आणि सुदर्शनच्या ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "घाबरू नका. आमच्या घरमालकीणबाईंकडे जा. मी त्यांना सांगतो. त्यांचा नंबर एडिंबरोला मेलने कळवा. मी रजा टाकून पोचतोच."

सायबर कॅफेत जाऊन मेल पाठवला आणि मी सदाशिव पेठेत पोचले. घरमालकीण गोदाबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आपणच का त्या एडिंबरोवाल्या? या. चप्पल बाहेर. पंखा बंद ठेवलाय, आवाज करतो. चहा घेणार, की इंग्रजी बिघडेल?"

मी चहा घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात सुदर्शनची आहे ना? त्याचं कसं होणार, कोण जाणे."

"काय आहे त्याचं?"

"मुलाखत. सिंगापूरची."

गोदाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "अहो, त्याची कसली मुलाखत? चांगली नोकरी आहे त्याला इथे. पुणं सोडायचं नाव काढत नाही. शंभू विचारतो, तू कशाला क्लासला येतोस, तर याचे कान लाल होतात."

"मग तो रोज मला फोन…"

"ते त्याला विचारा. मी घरमालकीण आहे, पंच नाही."

आणि फोन वाजला.

पलीकडे एक बाई होत्या. त्यांचं इंग्रजी असं काही गोल गोल होतं, की पहिला प्रश्न मला कळलाच नाही. एरवी माझी बोबडी वळली असती. पण माझ्या डोक्यात त्या वेळी सिंगापूर होतं. मी सरळ म्हणाले, मॅडम, कळलं नाही, हळू विचारा. त्या हसल्या आणि हळू विचारू लागल्या. प्रोग्रॅमबद्दल विचारलं, मी सांगितलं. भीती वाटायला डोक्यात जागाच उरली नव्हती. क्लीन सिटी म्हणे. आणि मी रोज त्याची उत्तरं सुधारत बसले होते.

मध्येच दारात सुदर्शन येऊन उभा राहिला. घामाघूम, केस विस्कटलेले. तो हसला. मी तोंड फिरवलं.

शेवटी त्या बाईंनी विचारलं, दोन वर्षं घरापासून लांब राहायला काही अडचण आहे का?

मी न ठरवता त्याच्याकडे पाहिलं. त्याने एक श्वास घेतला आणि मान हलवली. नाही म्हणा, अडचण नाही म्हणा.

मला इतका राग आला, की मी ठणकावून सांगितलं, "नो, मॅडम. नो डिफिकल्टी ॲट ऑल."

फोन ठेवून मी थेट बाहेरच्या गॅलरीत गेले. तो मागोमाग आला.

"झकास झालं," तो म्हणाला.

"सिंगापूर कुठे आहे?"

त्याचा चेहरा उतरला. "मलेशियाच्या… खाली."

"नकाशातलं नाही विचारत."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"तुम्ही विचारलं, तुमचीपण मुलाखत आहे का," तो शेवटी म्हणाला. "मी नाही म्हणालो असतो, तर तुम्ही आत गेल्या असत्या आणि मी घरी. म्हणून हो म्हणालो. मग ते हो मागे घेता येईना."

"आणि आत्ता मान कशाला हलवलीत?"

"तुम्हाला जायचं आहे ना?"

"मला काय हवंय ते तुम्हाला बरं कळलं," मी म्हणाले. "मलाच अजून कळलेलं नाही."

आणि मी निघून आले. जिना उतरताना वाटत होतं, त्याने हाक मारावी. रस्त्यावर आल्यावर वाटलं, बरं झालं मारली नाही. स्वारगेटला पोचेपर्यंत पुन्हा वाटू लागलं, का मारली नाही.

केबल जोडली गेली, पण संध्याकाळी फोन वाजेना. आई एकदा म्हणाली, "त्या पोराची कंपनी बुडाली का काय?" मी भांडी जोरात आपटली. तिने पुन्हा विचारलं नाही.

मग एका दुपारी फोन वाजला.

"हॅलो, वैष्णवी आहेत का?"

मला आवाज ओळखू येईना. "कोण बोलतंय?"

"मी… सुदर्शन."

आज ना गुड ईव्हनिंग होतं, ना मुलाखत. त्याचा आवाज निराळाच होता, साधा, जरा घाबरलेला.

"एडिंबरोहून फोन आला होता," तो म्हणाला. "नंबर इथला होता ना. गोदाकाकूंनी घेतला. तुमची निवड झाली. सोमवारी ते तुम्हाला घरी फोन करतील, तेव्हा हो की नाही ते सांगायचंय."

मी अंगणात अण्णांना सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि गोठ्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. इतकं सगळं झालं, आणि मला सगळ्यात आधी कुणाला भेटावंसं वाटलं, तर त्या खोटारड्याला.

आम्ही स्वारगेटला भेटलो, बसस्टॉपवर. ऊन कलत होतं. पेरूवाल्याच्या टोपलीचा वास येत होता. सुदर्शनने शर्ट इस्त्री केला होता.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"थँक यू."

"तिथे थंडी फार असते म्हणे. स्वेटर इथूनच न्या."

"नेईन."

मी वाट पाहिली. "आणखी काही?"

तो थांबला, एक श्वास घेतला… "मफलर," तो म्हणाला.

माझी बस आली. मी चढले. मागे वळून पाहिलंही नाही. खिडकीशी बसले आणि बस सुटली. मला आनंद झाला होता. मला नोकरी मिळाली होती. पुढच्या स्टॉपला, सारसबागेपाशी, बस थांबली. मी उठले आणि उतरले. कशासाठी, ते उतरल्यावर ठरवू म्हटलं.

उलट्या दिशेने चालू लागले. थोडं गेले, तर समोरून सुदर्शन येत होता. अर्धा पळत, अर्धा चालत. इस्त्रीचा शर्ट पँटच्या बाहेर आलेला.

"तुम्ही का उतरल्या?" त्याने विचारलं.

"तुम्ही का पळताय?"

तो कमरेवर हात ठेवून दम खात राहिला. आणि बोलला, तेव्हा ती क्लासमधली भाषा नव्हती. त्याच्या गावची होती.

"मले नीट बोलता नाही येत. मी मान हलवली, ते खरं होतं. तुम्ही जाच. तुमच्यासारखी पोरगी जाईल नाही तं कोण जाईल? पण इतके दिवस तुमचा आवाज नाही ऐकला, तं मले काही सुचून नाही राहिलं, हेबी खरंच आहे. आता यातलं कोणतं धरू, ते तुम्हीच सांगा."

रस्त्यावरून रिक्षा, सायकली, स्कूटरी जात होत्या. एक आजोबा आमच्याकडे बघत रेंगाळले आणि निघून गेले.

"दोन्ही धरा," मी म्हणाले. "मी जाणार आहे. मला जायचंय."

"जा ना."

"आणि मला परत यायचंय."

"या."

"कुणाकडे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. बुटांकडे नाही, माझ्याकडे. त्याला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. मग कळला. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"माझ्याकडे," तो म्हणाला.

मी मान डोलावली. मग त्याला शर्ट आत खोचायला सांगितला.

"मग घरी सांगावं लागेल," तो शर्ट खोचता खोचता म्हणाला. "तुमच्या. माझ्यापण."

"आधी माझ्या. चला."

"आत्ता?"

"सोमवारी त्यांचा फोन येणार. त्याआधी आमच्या घरी सगळं सांगून टाकू."

"काय सांगायचं? सुरुवात कुठून करायची?"

"मला काहीही माहीत नाही," मी म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं. अण्णा काय म्हणतील, आई त्या दोन स्थळांचं काय करेल, दोन वर्षं कशी जातील, यातलं काही म्हणजे काही मला माहीत नव्हतं.

आम्ही सारसबागेच्या स्टॉपवर परत आलो, तोच धायरीची पुढची बस आली. गर्दी होती. तो माझ्यामागे चढला आणि दांडीला धरून माझ्याशेजारी उभा राहिला. बस वळली तसा त्याचा हात माझ्या हाताला लागला. त्याने तो काढून घेतला नाही.

कंडक्टर तिकिटं फाडत पुढे आला. मी पर्स उघडेपर्यंत सुदर्शन म्हणाला,

"दोन धायरी."