गाळलेली कुजबूज

नव्या बिनतारी श्रवणयंत्रातून मृणालला आईची हाक ऐकू यायची, मैत्रिणींची बडबड ऐकू यायची. ‘आमटी उकळली’ असं सांगणारा स्वयंपाकघरातला यंत्रमानवसुद्धा लख्ख ऐकू यायचा. आजोबा मात्र समोर बसून नुसते ओठ हलवायचे.

‘‘तुम्ही मुद्दाम माझी थट्टा करता!’’ एके दिवशी ताट सरकवून ती ओरडली.

आजोबांचा चेहरा उतरला. ते ध्वनिशास्त्रज्ञ होते. घशाच्या आजारानंतर त्यांच्या आवाजाची नुसती कुजबूज उरली होती. त्यांनी तिचं जुनं यंत्र शोधून तिच्या कानावर चढवलं. खरखरीतून शब्द आले, ‘‘मी रोज बोलतोय गं तुझ्याशी.’’

मृणालला रडू फुटलं. ‘‘मग नव्यात का नाही ऐकू येत?’’

‘‘त्याची बॅटरी एवढीशी. गळ्यातल्या माइकने सगळा आवाज कानाकडे बिनतारी पाठवला, तर ती लगेच संपेल. म्हणून संकेतन करतात (आवाजाला थोडक्या आकड्यांत बसवणं). आवाजाचे बारीक तुकडे करायचे, बिनमहत्त्वाचं गाळायचं, उरलेलं पाठवायचं. कानातलं यंत्र त्या आकड्यांवरून आवाज पुन्हा उभा करतं.’’

‘‘बिनमहत्त्वाचं काय, हे कोण ठरवतं?’’

‘‘ज्या आवाजांवरून यंत्र शिकलं, ते आवाज. त्या माणसांचे स्वरतंतू (घशातल्या थरथरणाऱ्या पट्ट्या) धडधाकट होते. माझे थरथरत नाहीत, नुसती हवा सुटते. यंत्राला मी पंख्याची घरघर वाटतो.’’

आईने कंपनीला विचारलं. ‘अशी माणसं फार थोडी आहेत,’ एवढंच उत्तर आलं. मृणाल धुमसत राहिली. मग आजोबांची विद्यार्थिनी डॉ. केतकी हिच्याबरोबर ती दवाखान्यांत हिंडली. कुजबुजत बोलणाऱ्या कितीतरी माणसांचे आवाज दोघींनी टिपले. त्यांत आजोबांचाही होता. त्या आवाजांवर केतकीने नवं संकेतन घडवलं.

ते तयार होईपर्यंत आजोबा राहिले नव्हते.

चाचणीच्या दिवशी कुजबुजतच बोलणाऱ्या एका म्हातारीने, नवं यंत्र लावलेल्या नातीच्या कानाशी न वाकता, समोरूनच हळूच विचारलं, ‘‘भूक लागली का, बाळा?’’

पोरीचे डोळे विस्फारले. ‘‘आजी, तू बोललीस!’’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मृणालचे हात मांडीवरच राहिले. हे आजोबांच्या वाट्याला का आलं नाही, याचा तिला राग आला होता. मग केतकीकडे वळून तिने विचारलं, ‘‘केतकीताई, तोतरं बोलणाऱ्यांचं काय होतं गं यात?’’

‘‘तपासलंच नाही आपण,’’ केतकी म्हणाली आणि तिने यंत्र पुन्हा उघडलं.

मृणालने खुर्ची जवळ ओढली.