खालून वाजलेली फळी

मी त्या दिवशी फक्त ताईचे कपडे आणायला गेले होते. भावोजी म्हणाले, "आधी संध्याकाळची फेरी होऊ दे, मग कपाट उघडतो. तूही चल, सूर्यास्त बघ."

ज्या नदीनं माझी बहीण नेली, तिच्यावरचा सूर्यास्त! जिभेला काही हाड? तरी गेले. एक गोष्ट मला त्यांच्या तोंडून काढून घ्यायची होती.

त्यांच्या नावेचं इंजिन मागे, छपराखाली. तिथं बसलेल्याला पुढचं काही दिसत नाही. म्हणून पुढच्या माणसानं पायाखालच्या फळीवर दोनदा ठोकायचं, मगच इंजिन सुरू. ती जागा ताईची. इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात जलपर्णी अडकली की पाण्यात उतरायची, ती काढायची, वर येऊन ठोकायची. ती गेली त्या संध्याकाळी ती पाण्यात असतानाच भावोजींनी इंजिन सुरू केलं. वर सगळ्यांना सांगितलं, तिनंच घाईघाईत खालून ठोकलं.

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घराबाहेर पडताना पुन्हापुन्हा कुलूप ओढून बघणारी माझी बहीण पाण्यातून ठोकेल?

आता इंजिनावर एक म्हातारा मिस्त्री होता. नदीच्या मधोमध त्यानं इंजिन बंद केलं. पाणी तांबडंलाल झालं, प्रवासी फोटो काढू लागले. मी भावोजींजवळ सरकले.

"खरं सांगा. ठोकलं होतं तिनं?"

"किती वेळा तेच उगाळशील? खालून ठोकलं. चूक तिची, मी काय करू?"

"दुसरी फेरी मारायची घाई तुम्हाला होती."

"तोंड सांभाळ. लोक बघतायत."

सूर्य बुडाला. परत निघताना इंजिन घरघरलं आणि गचकन बंद पडलं. पंख्यात जलपर्णी. मिस्त्री गुडघ्यांनी अधू, तेव्हा भावोजीच शिव्या घालत उतरले. उतरताना मला म्हणाले, "पुढे बस. मी वर आलो की ठोक. त्याआधी फळीला हातसुद्धा लावायचा नाही."

म्हणजे स्वतःच्या जिवाची वेळ आली की नियम पाठ होता!

मी ताईच्या जागेवर बसले. बाकी नाव कोरडी होती, पायाखालची ती एवढीच फळी ओली. चिखलाचा, कुजलेल्या पानांचा वास येत होता. मागून पाण्याचा डुबुक डुबुक आवाज. मनात नको ते आलं, खोटं कशाला बोलू? म्हणूनच दोन्ही हात घट्ट काखेत दाबून धरले.

थोड्या वेळानं भावोजी नावेच्या कडेनं पुढे आले. दोन्ही हातांनी काठ धरला आणि वर चढण्यासाठी दम घेऊ लागले. आम्ही एकमेकांकडे बघत होतो.

ठक... ठक...

माझ्या पायाखालून. फळीच्या पलीकडून, पाण्याच्या बाजूनं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... मी नाही..." ते पुटपुटले. "अगं, थांबव त्याला..."

मिस्त्रीचा हात सवयीनं चालला होता. मी ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? नाव पुढे झेपावली. काठावरची बोटं सुटली आणि ते मागे, पंख्याकडे ओढले गेले.

किनाऱ्यावर पोलीस आले. मिस्त्री रडत होता. "साहेब, ठोकलं म्हणून तर सुरू केलं." प्रवासीही म्हणाले, आवाज खालूनच आला.

"म्हणजे यांनीच घाईघाईत खालून ठोकलं," साहेब म्हणाले. "यांच्या बायकोचंही असंच झालं होतं ना?" मग माझ्याकडे वळले. "तुम्ही पुढे होतात. आवाज खालूनच आला?"

तेव्हा भावोजींचे हात कुठे होते, हे मला कोणीच विचारलं नाही.

"हो," मी म्हणाले. "खालूनच."