काटा स्थिर होईपर्यंत

पडद्याच्या कोपऱ्यात आपला स्वतःचा चेहरा दिसतो, त्या छोट्या चौकटीखाली मोहरीएवढा एक हिरवा ठिपका होता. तो लुकलुकत नसे, रंगही बदलत नसे. चौकटीतली स्वरूपा आईच्या डोळ्यांत बघून हसत होती. खुर्चीतली स्वरूपा खिडकीच्या कडीकडे बघत होती आणि अंगठ्याने एकेका बोटाचं टोक दाबत होती. ठिपका हिरवा होता तोवर या दोघींतला फरक कुणाला दिसत नव्हता.

“रविवारी सकाळी सगळे पडद्यावर येतील,” सटाण्याहून आई सांगत होती. “मुलाकडे, देवऱ्यांच्या घरी त्यांचं ताट, आपल्याकडे आपलं. दोन्हीकडे एकदमच सुपारी फोडायची. तू ती जांभळी पैठणी नेस. नेहमीचं सुती बोचकं नको.”

“तिचा जरीकाठ टोचतो गं.”

“टोचू दे. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे.”

“आई, त्या दिवशी मी…”

“काय?”

“काही नाही. नंतर बोलू.”

हे ‘नंतर बोलू’ महिनाभर चाललं होतं.

ठिपक्यामागच्या प्रणालीचं नाव होतं सौम्यक. ती नवी आली तेव्हा तिचं काम साधं होतं. नेटवर्क अडखळलं की तुटलेलं चित्र जोडून द्यायचं. मग सौम्यक इकडेतिकडे भरकटणारी नजर सरळ करू लागलं. मग बोलण्यातले लांब विराम कापू लागलं, कपाळावरची आठी पुसू लागलं. पुढे प्रत्येक फोनमध्ये ते आधीपासून चालूच येऊ लागलं आणि बंद करायची सोय कुठेतरी आत, सहसा कुणी जात नाही अशा पानावर गेली. बहुतेकांना त्यामुळे थोडं बरं दिसता आलं. शाळेत जिला सगळे ‘पुतळी’ म्हणत, त्या स्वरूपाला मात्र त्याने नोकरी मिळवून दिली, मैत्रिणी मिळवून दिल्या, आणि आता नवरा मिळवून देत होतं.

महिन्यापूर्वी निहार देवरेच्या घरच्यांबरोबर बघण्याचा कार्यक्रम झाला, तोही पडद्यावरच. निहार बंगळुरूला धरणांच्या भिंतींची देखरेख करायचा. प्रश्न नीट विचारायचा, योग्य जागी हसायचा. शेवटी त्याच्या मावशीने विचारलं, “मग, मुलगा पसंत आहे ना गं?” स्वरूपा उत्तर शोधत होती. एवढंच तिला आठवत होतं. पुढच्याच क्षणी दोन्ही घरांत हशा पिकला, कुणीतरी “लाजली, लाजली” म्हणालं आणि आई डोळे पुसू लागली.

नंतर तिने साठवलेला कॉल उघडून पाहिला. त्यात तिने नजर खाली वळवली होती, ओठांच्या कडा वर गेल्या होत्या आणि मान हलली होती. अगदी स्पष्ट. आपण होकार दिला आणि आपल्याला तो आठवतसुद्धा नाही, या विचाराने तिने शेवटी समुपदेशनासाठी नाव नोंदवलं.

*

‘समांतर’ हे खासगी समुपदेशन केंद्र फक्त पडद्यावरून चालत असे. स्वमग्न माणसं, एका जागी लक्ष न ठरणारी माणसं, थोडक्यात मेंदूची घडण वेगळी असलेली प्रौढ माणसं त्यांच्याकडे येत. ‘आजार’ हा शब्द त्यांच्या पानावर कुठेच नव्हता. ‘मेंदूवैविध्य’ हा होता. पहिल्या भेटीआधी त्यांनी तिला काही प्रश्न पाठवले. कोणता उजेड खुपतो? बोलायला आवडेल की लिहायला? सुरुवातीला हवापाण्याच्या गप्पा हव्यात की नकोत? या शेवटच्या प्रश्नाशी स्वरूपा बराच वेळ थांबली. असं काही नको म्हणता येतं, हेच तिला माहीत नव्हतं.

खाली एकच अट होती. सौम्यक बंद ठेवावं लागेल.

गुरुवारी दुपारी तिने अर्धी रजा घेतली. समोर समुपदेशक नसीम मुजावर दिसू लागल्या तेव्हा स्वरूपा दचकली. त्यांच्या गालावर घाम होता. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. थोडं बाजूला बघत बोटाभोवती एक रबर गुंडाळत होत्या. कित्येक वर्षांत पडद्यावर तिने असा चेहरा पाहिला नव्हता.

“गप्पा नकोत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सरळ सांगते,” नसीम म्हणाल्या. “तुमचं सौम्यक चालू आहे.”

“हो. मला माहीत आहे.” स्वरूपाचं बोट त्या आतल्या पानावरच्या खुणेपाशी थांबलं होतं. “बंद केलं तर मी… लोकांना वाटतं मी रागावलेय. किंवा मंद आहे.”

“तुम्ही कॅमेराच बंद ठेवलात तरी चालेल. मला तुम्ही दिसलात तरी चालेल, अंधार दिसला तरी चालेल. फक्त मधलं काही नको.”

स्वरूपाने कॅमेरा बंद केला. अंधारात बसून ती सगळं बोलली. मध्येमध्ये थांबली तेव्हा नसीम ‘हं’सुद्धा म्हणाल्या नाहीत. विराम कुणी कापत नव्हतं.

“मला भीती वाटते ती लग्नाची नाही,” शेवटी ती म्हणाली. “माझ्या डोक्यातून एक क्षण पुसला गेलाय. उद्या आणखी काही पुसलं जाईल.”

“तुम्ही काम काय करता?”

“नाशिकला, सातपूरच्या अंशांकन प्रयोगशाळेत आहे. कारखान्यांतून तापमापक, दाबमापक येतात. ते खरं दाखवतात का, हे आमच्याकडच्या प्रमाण उपकरणाशी ताडून बघायचं.”

“आणि एखादा खोटं दाखवत असला तर?”

“तर किती चूक आहे ते काढून दुरुस्ती लिहायची.” स्वरूपाचा आवाज पहिल्यांदा स्थिर झाला. “पण मूळ वाचन खोडायचं नाही. यंत्राने जे दाखवलं ते तसंच ठेवायचं आणि दुरुस्ती त्याच्या शेजारी लिहायची. मूळ वाचन खोडलं तर दुरुस्ती बरोबर होती की नाही, हे पुन्हा कुणालाच कळणार…”

ती थांबली. हा विराम मोठा होता.

“नसीमताई, सौम्यक मूळ चित्र ठेवतं. शिकण्यासाठी. काही आठवडे ते फोनमध्येच पडून असतं.”

“तुम्हाला ते आत्ता बघायचंय का? नंतर एकटीने बघितलंत तरी चालेल. न बघितलंत तरीही.”

“आत्ता. तुम्ही असताना.”

ते सापडायला वेळ लागला. तिने दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावली. डावीकडे मूळ, उजवीकडे सगळ्यांनी पाहिलेलं. मावशीचा आवाज दोन्हीकडे एकदमच आला: “मग, मुलगा पसंत आहे ना गं?”

डावीकडची स्वरूपा खिडकीच्या कडीकडे बघत होती. तिचा अंगठा बोटांवरून फिरत होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ओठ थोडे उघडले, मिटले. मान हलली नाही.

उजवीकडच्या स्वरूपाने नजर खाली वळवली आणि लाजून होकार दिला.

स्वरूपाने ते पुन्हा लावलं. मग फोनच्या आतल्या पानावर जाऊन, सौम्यकाने कोणत्या रीतीने वागायचं ते ठरवणारी मांडणी उघडली. तिथे लिहिलं होतं: घरगुती, मराठी. हजारो घरांचे कॉल पाहून सौम्यक आपली रीत शिकलं होतं. लग्नाच्या गोष्टीत मुलगी गप्प राहिली की पुढे काय होतं, हेही ते त्यातूनच शिकलं होतं. रिकामी जागा त्याने घरच्या माणसांसारखीच भरली होती.

“म्हणजे मी विसरले नाही,” ती हळूच म्हणाली.

“नाही.”

“मी नकारही दिला नव्हता. मी ठरवत होते. काटा हलत होता.” तिने कॅमेरा चालू केला. चौकटीत तिचा चेहरा आला, सपाट, फिकट, नजर भलतीकडे. सौम्यक तिने बंद केलं होतं; ठिपका राखाडी होता. “काटा स्थिर व्हायच्या आधी आम्ही वाचन लिहीत नाही. कुणीतरी लिहून टाकलं.” मग म्हणाली, “आणखी कुठे कुठे लिहिलं असेल? ऑफिसात मी कशाकशाला हो म्हटलंय?”

नसीम यांच्या बोटावरचं रबर थांबलं. “ते आपण एकेक करून बघू. घाई नाही.”

“रविवारी सुपारी आहे. काय करू मी?”

“ते मी सांगितलं, तर माझ्यात आणि त्या ठिपक्यात फरक काय राहिला?”

*

त्याच संध्याकाळी तिने आईला साधा फोन लावला, चित्राशिवाय. जे पाहिलं ते सांगितलं.

“तुझ्या फोनवर ती मांडणी मीच लावली होती,” आई म्हणाली. “दिवाळीत आलीस तेव्हा. घरगुती म्हणून काही असतं असं शेजारच्या सुनेने सांगितलं. त्याआधी घरी येऊन बघून गेलेली दोन स्थळं आठवतात ना? मुलगी नजर देत नाही, बोलत नाही, आजारी आहे का, असं विचारलं त्यांनी. तुझ्या बाबांनी दोन दिवस जेवण घेतलं नव्हतं.”

“पण मी होकार दिला नव्हता, आई.”

“नकार तरी कुठे दिलास? यंत्राने तुझ्याच मनातलं ओळखलं असेल.”

“माझ्या मनात काय आहे ते मलाच अजून माहीत नाही.”

“मुलगा चांगला आहे, स्वरूपा. आणि आम्ही काय कायमचे पुरणार आहोत का?” आईचा आवाज खाली आला. “रविवारी तेवढं ते चालू ठेव. पुढचं पुढे बघू. ठेवशील ना?”

स्वरूपा गप्प राहिली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की तिच्या गप्प राहण्याचा आईने पुन्हा एकदा अर्थ लावला असणार.

*

रविवारी पडदा चौकटींनी भरून गेला. सटाण्याच्या चौकटीत आई, बाबा, ताटातली हळद लावलेली सुपारी आणि अडकित्ता. देवऱ्यांच्या चौकटीत निहारचे आईवडील, मावशी, दुसरं ताट, शेजारी अडकित्ता. बंगळुरूच्या चौकटीत निहार, इस्त्रीच्या शर्टात. स्वरूपा सुती साडी नेसली होती. मागे टेबलफॅन घरघरत होता. ठिपका हिरवा होता. रात्री तिने तो तीनदा राखाडी केला होता आणि तीनदा पुन्हा हिरवा.

“पैठणी कुठाय?” आई कुजबुजली. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“असू द्या हो, विहीणबाई,” मावशी म्हणाल्या. “साडीशी लग्न नाही लागायचं. काय रे निहार?”

निहार योग्य जागी हसला. बाबांनी अडकित्ता उचलला.

स्वरूपाने बोट टेकवलं. ठिपका राखाडी झाला.

चौकटीतलं हसू विझलं. डोळे पडद्यावरून उतरून कडीकडे गेले आणि तिथेच राहिले. आईने तोंडावर पदर घेतला.

“अगं बाई, मुलगी अडकली,” मावशी म्हणाल्या. “नेटवर्क गेलं वाटतं तिकडचं. हॅलो? स्वरूपा, बाळा, बाहेर जाऊन परत ये बरं.”

“नाशिकचं नेहमीचंच,” निहारचे वडील म्हणाले. “तोवर आपण सुरू करू या का? मुलीकडचे तर आहेतच.”

“हो, हो,” आई घाईने म्हणाली. “करा सुरू. ती येईल.”

स्वरूपाला बोलायचं होतं. पूर्वी अशा वेळी सौम्यक पुढे व्हायचं. आता कुणी पुढे होत नव्हतं. अंगठा बोटांवरून फिरू लागला. बाबांनी सुपारी अडकित्त्याच्या पात्यांत धरली.

“थांबा,” निहार म्हणाला. “ती अडकलेली नाही. मागचा पंखा फिरतोय.”

सगळे वाकून बघू लागले. पंखा फिरत होता. स्वरूपाच्या कानामागची बट उडत होती. त्या दोहोंच्या मध्ये तिचा चेहरा, तसाच.

“अशी काय बघतेय मग?” मावशींचा आवाज बदलला. “बरं नाही का तिला?”

स्वरूपाने नजर कडीवरून काढून निहारच्या चौकटीकडे नेली. तो हसत होता, धीर दिल्यासारखा. त्याच्याकडचा ठिपका तिला दिसण्याची सोय नव्हती. पंखा त्याच्या लक्षात आला होता, तेवढं नक्की त्याचं होतं. पण हे हसू? ते त्याचं होतं, की त्याच्याही खुर्चीत कुणी वेगळंच बसलं होतं, कुठल्या तरी कडीकडे बघत? हे जाणून घेण्यासाठी तरी थांबायला हवं होतं. आणि थांबायचं तर ते आत्ताच सांगायला हवं होतं. तिने बोटं दाबणं लपवलं नाही.

“बाबा, अडकित्ता खाली ठेवा,” ती म्हणाली. आवाज सपाट होता, आणि तिचा होता. “मी अडकलेली नाही, मी अशीच दिसते. त्या दिवशी मी होकार दिला नव्हता, आजही देत नाही. मला ठरवायला वेळ लागेल, आणि मी ठरवेपर्यंत सुपारी फुटणार नाही.”