राणीचा ब्लाउज

"ही तुमची बहीन पैलवान हाय का?"

पुष्पांजलीने मापाचा कागद पुन्हा एकदा वाचला. छाती चाळीस, खांदा साडेसतरा, दंड चौदा... दवनीवाड्यात घरच्या पडवीत मशीन मांडून तिला सहा वर्षं झाली होती. नवऱ्या, बाळंतिणी, शाळेच्या बाई – साऱ्यांची मापं तिच्या वहीत होती. पण असं माप?

समोरचा भरघोस मिशीचा तरुण जांभळं साटीन छातीशी धरून उभा होता. "नाई, ते... जरा धट्टीकट्टी हाय."

"मंग तिलेच आना. अंगावर माप घेतल्याशिवाय मी कापडाले कात्री लावत नाई."

"तिले येता येत नाई."

"काऊन?"

तो आपल्या मोटरसायकलकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. "बहीन नाई जी... मीच आहो."

मग त्याने एका दमात सारं सांगून टाकलं. नाव मोहित. शेजारच्या गावचा, घरी धानाची शेती. गावच्या दंडारीत – पुरुषच बायका होतात त्या नाचगाण्याच्या खेळात – तो राणी होतो. दिवाळीनंतर दवनीवाड्याच्या मंडईच्या जत्रेत भरदुपारी त्यांचाच खेळ होता, आणि जुना ब्लाउज पार फाटला होता. गावातल्या टेलरने तर हाकलूनच दिलं.

पुष्पांजलीला हसू आवरेना. तिने ओढणी तोंडात कोंबली, तरी खांदे हलत राहिले.

"हासून घ्या," तो शांतपणे म्हणाला. "दोन जागची सोयरीक यानंच मोडली माझी. पोरीवाले म्हनते, लुगडं नेसून नाचते तो."

तिचं हसू एकदम विरलं. गळ्यातली टेप काढत ती म्हणाली, "इकडे या. हात वर करा."

आतून गंगाबाई, तिची आई, सूपभर तांदूळ घेऊन आली आणि बरोबर दोघांसमोर निवडायला बसली. पुष्पांजलीने आजवर पुरुषाचं माप घेतलं नव्हतं. टेप त्याच्या पाठीमागून फिरवताना त्याच्या सदऱ्याला येणारा ताज्या कापलेल्या धानाचा वास तिच्या नाकात शिरला, आणि चाळीस की बेचाळीस ते तिला वाचताच येईना.

"श्वास कोंडू नका. माप चुकते."

"कोंडला नाई जी. आपोआपच थांबून राहिला..."

"मंग आपोआपच सोडा."

गंगाबाई मोठ्याने खोकलली.

पुढचे चार दिवस पुष्पांजलीने जेवढा जीव लावून तो ब्लाउज शिवला, तेवढा नवरीचाही कधी शिवला नव्हता. राणीला हात वर करून आक्रोश करायचा असतो, म्हणून बगलेत चौकोनी तुकडा जोडला. राणी राजाच्या पायाशी कोसळते, म्हणून पाठीची शिवण दोनदा मारली. बाहीला सोनेरी काठ लावला – तो कुणी सांगितला नव्हता.

ट्रायलला मोहित आला तेव्हा मिशी उतरवलेली होती. तिने पाहिलं... आणि झटकन सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही ओवला जाईना.

"एवढी चांगली होती का जी मिशी?" त्याने विचारलं.

"मी कुठं पाहून राहिली होती?"

त्याने बनियनवर ब्लाउज चढवला, खाली जीन्स. "हात उचलून पाहा," ती म्हणाली. त्याने हात उचलले आणि त्याच्या तोंडून राणीचे शब्द निघाले – "राजा, लेकराला माझ्या वनात धाडू नको... त्याच्या पायाला अजून माती ठाऊक नाही." जीन्स दिसेनाशी झाली. पडवीत एक आई उभी होती. गंगाबाईचा सुपातला हात थांबला.

हात खाली करून मोहित म्हणाला, "शेवटचंच साल हाय पन."

"काऊन?"

"मामानं सालेकशाची सोयरीक आनली. पोरीचा बाप म्हनते, दंडार सोडशील त साक्षगंध करू. मी हो म्हनून आलो."

पुष्पांजलीला टाचणी टोचली. बोट तोंडात धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुमाले सोडावंसं वाटते?"

"नाई."

"मंग हो कायले म्हनले?"

त्याने ब्लाउज उतरवून तिच्यापुढे धरला. तिने ब्लाउजला इस्त्री केली, कागदात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. तो गेल्यावर मशीन चालवायला बसली, पण पाय पॅडलवर नुसतेच ठेवलेले.

मंडईच्या दिवशी सारा गाव पाहुण्यांनी भरला. राणी आली तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. राणी बोलली तशा शिट्ट्या थांबल्या. पुष्पांजलीची नजर आधी बगलेतल्या शिवणीवर होती. मग शिवणीवर नव्हती. पुढे बसलेले तिचे वडील, पुनाराम, दुपट्ट्याने डोळे पुसत होते.

खेळ संपल्यावर शाळेच्या भिंतीआड तो तिला सापडला – हातभर बांगड्या, नाकात नथ, काजळ गालावर उतरलेलं.

"शिवन उसवली नाई," तो म्हणाला.

"माहीत हाय. मी शिवनच पाहून राहिली होती."

"शिवनच?"

तिने ओढणीचं टोक त्याच्यापुढे धरलं, गालावरचं काजळ पुसायला.

"काल सालेकशाले फोन केला... नाई म्हनलो." त्याने बांगड्या उगाच मागे सारल्या. "मले दंडार सोडाची नाई. आन्... तुले बी सोडाचं नाई. लगन करशील माझ्याशी, पुष्पा?"

 तिने त्याचं बांगड्यांनी भरलेलं मनगट धरलं आणि त्याला ओढतच मंडईतून घेऊन गेली. पुनाराम शिंगाड्याच्या दुकानाशी उभे होते.

"बाबा, मले हा पसंत हाय."

पुनारामांनी मुलीकडे पाहिलं. मग राणीकडे. आजूबाजूची गर्दी जवळ सरकली.

"कोन? हे रानी?"

"हो, बाबा. हेच."

मोहित पायाशी वाकला, तसा डोक्यावरचा पदर घसरला. पुनारामांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. "आताच रडवलं ना बापा तुनं मले," ते म्हणाले. मग त्यांनी ओंजळभर शिंगाडे त्याच्या पदरात टाकले. "नथ काढ आन् घरी चल. तुयी सासू वाढून राहिली पाहुन्याईले."

मोहितने नथ काढली. पदर तसाच शिंगाड्यांनी जड. एक टोक त्याने धरलं, दुसरं तिने, आणि हसणाऱ्या गर्दीतून वाट काढत दोघं पुनारामांच्या मागोमाग घराकडे निघाली.